ऐकण्याच्या नाटकाला लेखक लागतो

ब्रिटनमध्ये नभोनाट्याला दरवर्षी बरीच पारितोषिके मिळतात. उत्तम अभिनय, उत्तम ध्वनिसंयोजन, उत्तम मालिका अशी ती यादी असते. त्यातली दोन वेगळी आहेत, कारण ती लेखकाने लिहिलेल्या संहितेसाठी राखलेली आहेत. टिनिस्वुड पुरस्कार वर्षभरातल्या सर्वोत्तम स्वतंत्र नभोनाट्यसंहितेला मिळतो, तर इमिसन पुरस्कार रेडिओसाठी नव्यानेच लिहू लागलेल्या नाटककाराच्या स्वतंत्र संहितेला. दोन्हींमागे ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ ही लेखकांची संस्था आहे आणि टिनिस्वुडला नाट्यलेखकांच्या ‘रायटर्स गिल्ड’चीही जोड आहे. बीबीसीने 2012 मध्ये ध्वनिनाट्यांचा पुरस्कारसोहळा सुरू केला, तेव्हापासून हे दोन्ही पुरस्कार त्याच व्यासपीठावर दिले जातात. तरी संहितेचा निवाडा लेखकांच्या संस्थांनी आपल्याच हातात ठेवला आहे.

पुरस्कार ज्यांच्या नावाने आहेत ती माणसेही बोलकी आहेत. पीटर टिनिस्वुड लिव्हरपूलचे. क्रिकेटवेड्या, बढाईखोर ब्रिगेडियरची त्यांनी लिहिलेली स्वगते इंग्रज श्रोत्यांनी डोक्यावर घेतली. 2003 मध्ये ते गेले. रिचर्ड इमिसन यांनी स्वतः नाव कमावले ते नाटककार म्हणून नव्हे. बीबीसीच्या नाट्यविभागात त्यांनी संहिता-संपादक म्हणून हयात घालवली, म्हणजे दुसऱ्यांची बाडे वाचायची, नवा लेखक हेरायचा आणि त्याच्याकडून लिहून घ्यायचे. असे काम करणाऱ्याचे नाव एरवी कुठे छापले जात नाही. त्याच्या नावाने नवोदितांचा पुरस्कार असावा, हे मला फार योग्य वाटते.

पण मुळात प्रश्न असा की, जे नाटक अखेर आवाजातच उभे राहते त्याच्या कागदाला वेगळे बक्षीस कशाला? आणि दिलेच, तर त्यातून नाट्यप्रकाराचे भले होते का? गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांनी याची निरनिराळी उत्तरे दिली. ती तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की, संहितेचा स्वतंत्र पुरस्कार हवाच. मात्र त्याच्या मागेपुढे काही गोष्टी नसतील तर तो शाल-श्रीफळापलीकडे जात नाही. नाटक ध्वनिमुद्रित होऊन लोकांच्या कानांवर पडले पाहिजे, संहिता छापली गेली पाहिजे, आणि गाजलेल्या कादंबऱ्यांच्या रूपांतरांपासून स्वतंत्र लेखनाला संरक्षण मिळाले पाहिजे.

सुरुवातीपासूनच हा प्रकार लेखकाच्या डोक्यातून निघालेला आहे. 15 जानेवारी 1924 रोजी बीबीसीवरून रिचर्ड ह्यूज यांचे ‘डेंजर’ प्रसारित झाले. खास रेडिओसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून त्याचा उल्लेख होतो. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि आत अडकलेली माणसे अंधारात बोलत राहतात, एवढाच प्रसंग. ऐकणाराही काही पाहू शकत नाही आणि पात्रेही काही पाहू शकत नाहीत, हे ह्यूज यांना लिहितानाच सुचले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टच्या केंद्रावरून हान्स फ्लेश यांचे नाटक झाले. त्याचा विषयच असा की, रेडिओ केंद्राच्या कार्यक्रमात भलतेच आवाज घुसतात आणि सगळा बेत कोलमडतो. दोन्ही नाटके रंगमंचावर नेली तर त्यांचा प्राणच जातो. असा प्रसंग सुचणे हे लेखकाचे काम आहे. निर्माता कितीही कसबी असला, तरी नसलेला प्रसंग तो ध्वनीने निर्माण करू शकत नाही.

या पुरस्कारांच्या इतिहासातला सर्वांत श्रीमंत अध्याय जर्मनीचा आहे. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांची तिथे संघटना होती. युद्धात स्वतः अंध झालेले पत्रकार फ्रीडरिश विल्हेल्म ह्युमेन यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास या संघटनेने नभोनाट्यासाठी वार्षिक पुरस्कार ठरवला आणि 1952 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला. परीक्षक मंडळात समीक्षकांच्या बरोबरीने युद्धांध श्रोते बसत. बक्षिसाची रक्कम नव्हती. युद्धांध कारागिराने हाताने घडवलेली एक कलाकृती विजेत्याला मिळे. तरीही जर्मन लेखकांच्या जगात या पुरस्काराचा मान कुठल्याही रोख बक्षिसापेक्षा मोठा होता. ज्यांचे नाट्यगृहच रेडिओ आहे, त्यांनी ‘हे नाटक आम्हांला दिसले’ असे म्हणणे याला लेखक किंमत देत होते. नभोनाट्याचा परीक्षक कोण असावा, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही.

त्या काळी जर्मनीत नाट्यगृहे बाँबहल्ल्यांत पडलेली, पुस्तकांचा बाजार नुकता सावरणारा. रेडिओ केंद्रे मात्र धडाक्यात चालू होती आणि बरे मानधन देत होती. कवी, कथाकार, कादंबरीकार सगळे तिकडे वळले. त्यामुळे या पुरस्काराची यादी वाचताना त्या भाषेच्या साहित्याचीच अनुक्रमणिका वाचल्यासारखे वाटते. ग्युंटर आइश, वोल्फगांग हिल्डेसहाइमर, फ्रीडरिश ड्यूरेनमाट, इंगेबोर्ग बाखमान ही सगळी नावे 1950 च्या दशकातलीच आहेत.

ड्यूरेनमाट यांना 1957 मध्ये हा मान मिळाला तो ‘बिघाड’ या नाटकासाठी. गाडी बंद पडल्याने एक फिरता विक्रेता एका म्हाताऱ्याच्या घरी मुक्कामाला थांबतो. तिथे निवृत्त न्यायाधीश, सरकारी वकील वगैरे मंडळी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर खटल्याचा खेळ खेळतात आणि आज आरोपी हा पाहुणा. खेळता खेळता खरा गुन्हा वर येऊ लागतो. खेळातला खटला अंगाशी येणे मराठी प्रेक्षकाला तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मुळे चांगलेच ओळखीचे आहे, म्हणून हे नाटक आपल्याला चटकन भिडते. ते मुळात ऐकण्यासाठी रचले गेले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

1959 चा पुरस्कार बाखमान यांना ‘मॅनहॅटनचा दयाळू देव’ या नाटकासाठी मिळाला. न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यातले एक प्रेम, ते सहन न होणारी एक सत्ता आणि तिच्यावर चाललेली चौकशी असे ते नाटक. पुरस्कार स्वीकारताना त्यांनी 17 मार्च 1959 रोजी बॉनच्या संसदभवनात जे भाषण केले, ते नाटकाइतकेच गाजले. माणसाला सत्य पेलवते, त्याच्यापुढे ते मांडायला कचरू नये, असा त्याचा गाभा होता. समोर दृष्टी गमावलेले सैनिक बसलेले आणि बोलणारी तेहतिशीही न गाठलेली कवयित्री. हे भाषण आजही जर्मन शाळा-महाविद्यालयांत वाचले जाते. पुरस्कार लेखकाला बोलण्याची जागा देतो तेव्हा काय होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

पण याच पुरस्काराच्या पहिल्याच वर्षाकडे नीट पाहावे. 19 एप्रिल 1951 रोजी हॅम्बुर्ग केंद्रावरून आइश यांचे ‘स्वप्ने’ झाले. त्यातल्या पहिल्या स्वप्नात बंद मालडब्यात कोंडलेली माणसे आहेत. ती इतकी वर्षे प्रवास करत आहेत की, बाहेरचे जग खरे असेल यावर नातवंडांचा विश्वास बसत नाही. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झालेली. श्रोत्यांनी त्याच रात्री केंद्रावर संतापाचे फोन केले. आज जर्मन नभोनाट्याची गोष्ट या प्रसारणापासून सांगायला सुरुवात होते. त्या वर्षाचा पुरस्कार मात्र गेला एर्विन विकर्ट यांच्या नाटकाला. आइश यांना तो पुढच्या वर्षीच्या ‘ती दुसरी आणि मी’साठी मिळाला. मोटारीतून फिरायला आलेली एक सुखवस्तू अमेरिकन बाई इटलीतल्या गरीब कोळी वस्तीतल्या बाईचे अख्खे आयुष्य जगून येते, असे ते नाटक. तेही उत्तम आहे. पण ज्या रात्री लोक खवळले त्या रात्रीचे नाटक परीक्षकांच्या हातून सुटले, हे खरे. मंडळ कितीही जाणते असो, कानाला नवे असणारे काम पहिल्या फेरीत ओळखणे अवघड असते.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या घडामोडींमुळे. 1969 मध्ये याच पुरस्काराने धाडस केले. एर्न्स्ट यांडल आणि फ्रीडरिके मायरोकर या दोन ऑस्ट्रियन कवींच्या ‘पाच माणसे’ला तो दिला गेला. नाटक जेमतेम पंधरा मिनिटांचे. पाच पुरुष जन्मतात, शाळेत जातात, सैन्यात जातात, इस्पितळात, तुरुंगात, कोर्टात जातात, गोळ्या घालून मारले जातात आणि पुन्हा प्रसूतिगृहात मुले जन्मतात. स्टिरिओ तंत्रातले डावे-उजवे हीच त्याची रंगभूमी. कथानक, मनोविश्लेषण, हळवे स्वगत या सगळ्याला फाटा दिलेला. ‘हे नाटक आहे का?’ असे विचारणारेही तेव्हा होतेच. पण त्या निर्णयाने पुढच्या पिढीला मोकळे केले. पुढे 2004 मध्ये एल्फ्रीडे येलिनेक यांच्या ‘जॅकी’ला हा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळाले.

यातून एक नवा पेच निघाला आणि तो अजून सुटलेला नाही. नाटक जसजसे ध्वनिफितीवर घडू लागले, तसतसा कागद मागे पडला. 1980 च्या दशकाच्या मध्याला नाटककार हायनर म्युलर यांच्या मजकुरावर हायनर गोबेल्स या संगीतकाराने जे ध्वनिनाट्य रचले त्याला हा जर्मन पुरस्कार मिळाला, तेव्हा मान गेला तो ध्वनिरचनाकाराला. हे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, ती रचना खरोखर त्याचीच होती. पण अशा वाटेने पुढे गेल्यावर एकट्याने टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला जागा कुठे उरते? म्हणूनच संहितेचा पुरस्कार वेगळा आणि निर्मितीचा वेगळा, ही ब्रिटिश विभागणी मला अधिक पटते. निर्मिती चांगली आणि लेखन सामान्य असे पुष्कळदा होते. उलटही होते आणि तेव्हा बिचाऱ्या लेखकाची बाजू घेणारे कोणी नसते.

जपानमध्ये ही बाजू वेगळ्या रीतीने घेतली जाते. तिथे प्रसारणलेखकांच्या संघटनेची स्वतंत्र नभोनाट्यलेखनाची वार्षिक स्पर्धा आहे. नवे लेखक संहिता पाठवतात आणि पहिली आलेली संहिता एनएचके या प्रसारणसंस्थेच्या एफएम वाहिनीवर नाटक म्हणून सादर होते. म्हणजे बक्षीस आधी आणि प्रसारण नंतर. ब्रिटनमध्ये प्रसारित झालेल्यांतून निवड होते, जपानमध्ये निवडलेले प्रसारित होते. आयर्लंडच्या आरटीई या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचे पी. जे. ओकॉनर पुरस्कारही नव्या लेखकाच्या संहितेला व्यावसायिक निर्मिती मिळवून देतात. हौशी माणसासाठी ही दुसरी पद्धत अधिक उदार आहे. केंद्रात कोणाशी ओळख नसली तरी दार उघडते. अशा लेखकाचे पुढे काय होऊ शकते हे कोकी मितानी यांच्या 1997 च्या ‘रेडिओ नो जिकान’ या चित्रपटात भेदक रीतीने दिसते. स्पर्धेत जिंकलेल्या एका गृहिणीचे नाटक थेट प्रसारित होत असताना कलाकारांच्या हट्टापायी तिच्या डोळ्यांदेखत बदलत जाते. नायिकेचे नाव बदलते, गाव बदलते, देश बदलतो. चित्रपट हसवतो, पण त्या बाईची तगमग ज्यांनी लेखन केले आहे त्यांना लगेच कळेल. पुरस्काराच्या नियमांत ‘लेखकाच्या संमतीशिवाय बदल नाही’ हे कलम असलेच पाहिजे, असे मला तो पाहून वाटले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर सर्वांत जुना मान प्री इटालियाचा. इटलीच्या राय या संस्थेने 1948 मध्ये काप्री बेटावर त्याची कल्पना मांडली. सुरुवातीला तो केवळ रेडिओसाठी होता. डिलन टॉमस यांच्या ‘अंडर मिल्क वुड’ला तो 1954 मध्ये मिळाला. नाटक त्याच वर्षी 25 जानेवारीला बीबीसीवर झाले होते आणि टॉमस त्याआधी नोव्हेंबरातच गेले होते. सॅम्युअल बेकेट यांच्या ‘एम्बर्स’ला 1959 मध्ये, टॉम स्टॉपर्ड यांच्या ‘अल्बर्ट्स ब्रिज’ला 1968 मध्ये या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. मात्र इथे देशोदेशींच्या प्रसारणसंस्था आपापली निर्मिती पाठवतात. एकटा लेखक तिथे पोचत नाही, त्याला संस्थेच्या मागून जावे लागते.

स्टॉपर्ड यांचे उदाहरण आपल्यालाही जवळचे आहे. बालपणाची काही वर्षे त्यांनी भारतात काढली. 1991 मध्ये त्यांनी रेडिओसाठी लिहिलेल्या ‘इन द नेटिव्ह स्टेट’मध्ये जुम्मापूर नावाचे काल्पनिक संस्थान आहे. त्याचेच पुढे ‘इंडियन इंक’ हे रंगमंचीय नाटक झाले. ब्रिटिश रंगभूमीवर पुढे मोठे नाव झालेल्या नाटककार कॅरिल चर्चिल यांचेही सुरुवातीचे लेखन रेडिओवर ऐकू आले. अलीकडच्या पिढीत माइक बार्टलेट यांचे ‘नॉट टॉकिंग’ इमिसन आणि टिनिस्वुड या दोन्ही पुरस्कारांचे मानकरी ठरले आणि मग रंगभूमीवर त्यांचे नाव झाले. रेडिओने लेखक घडवायचा आणि रंगभूमीने तो उचलायचा ही रीतच पडली आहे. यात रेडिओवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण त्यांचे श्रेय नोंदले जावे.

छपाईचा मुद्दा इथेच येतो. 1978 पासून बीबीसी आणि मेथ्यूएन प्रकाशन यांनी मिळून जाइल्स कूपर पुरस्कार सुरू केले. वर्षातल्या निवडक नभोनाट्यांची संहिता पुस्तकरूपाने दरवर्षी येई. जाइल्स कूपर हे रेडिओसाठी भरपूर आणि अस्सल लिहिणारे नाटककार, 1966 मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाला. हे पुरस्कार 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले. आजही त्या काळातले ब्रिटिश नभोनाट्य अभ्यासायचे तर ही पुस्तकेच हाती लागतात. पुढची नाटके तितक्या सहज मिळत नाहीत. पुरस्काराला दीर्घायुष्य देते ती छापील प्रत, स्मृतिचिन्ह नव्हे.

स्वतंत्र की रूपांतर, हा वाद तर सगळीकडे आहे. केंद्राला नावाजलेल्या कादंबरीचे रूपांतर सोयीचे वाटते, कारण श्रोता आधीच तयार असतो. नव्या लेखकाच्या नव्या कथेत जोखीम असते. म्हणून टिनिस्वुड आणि इमिसन यांनी रूपांतराला दार बंद ठेवले आहे. काहींना हे कठोर वाटते. रूपांतर हीही मोठी कला आहे, यात शंका नाही. पण तिला बाजार आहे, तिचे वेगळे पारितोषिकही आहे. स्वतंत्र लेखनाला हे एवढेच कुंपण आहे आणि ते राहू द्यावे.

आता आपल्याकडे. मुंबईत 23 जुलै 1927 रोजी नियमित प्रसारण सुरू झाले. पुढच्या काळात मुंबई, नागपूर, पुणे या केंद्रांनी श्रुतिका आणि नभोनाट्ये घरोघरी पोचवली. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखे लेखक आकाशवाणीत नोकरीला होते, म्हणजे लेखन समजणारी माणसे केंद्रातच बसलेली होती. रत्नाकर मतकरी यांची ‘वेडी माणसं’ ही पहिली एकांकिका 1955 मध्ये मुंबई केंद्रावरून झाली, तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते. पुढे त्या मुलाने मराठी रंगभूमीला काय दिले ते सांगायला नको. हिंदीत धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ आधी अलाहाबाद आकाशवाणीवरून ऐकू आले आणि मग 1962 मध्ये मुंबईत सत्यदेव दुबे यांनी ते रंगमंचावर आणले. मंटो 1940 च्या दशकाच्या आरंभी दिल्ली केंद्रासाठी नाटकांमागून नाटके लिहीत होते. 1956 पासून आकाशवाणीने नाटकांचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. त्यात एका भाषेतले नाटक भाषांतरित होऊन देशभरच्या केंद्रांवरून त्या त्या भाषेत होई. इतक्या भाषांत एका लेखकाला एकदम पोचवणारी यंत्रणा प्री इटालियाकडेही नव्हती.

आकाशवाणीचे वार्षिक पुरस्कार आहेत आणि त्यांत नाटकाचा विभाग आहे. नव्या लेखकांसाठी अखिल भारतीय लेखनस्पर्धाही आकाशवाणीने घेतल्या. पण वार्षिक पुरस्कार मुख्यतः केंद्रांनी पाठवलेल्या कार्यक्रमांचे. त्यांची बातमी एका दिवसाची असते आणि विजेते नाटक पुढे ऐकायला, वाचायला क्वचितच मिळते. टेप महाग होती, म्हणून जुने ध्वनिमुद्रण पुसून तिच्यावरच नवे केले जाई. संहितेची कार्बन प्रत कुठल्या कपाटात गेली, ते कपाटालाच माहीत. मराठीतले किती चांगले नभोनाट्य असे हवेत विरले याचा हिशेब मांडता येणार नाही, आणि हे नुकसान मला फार लागते.

एकांकिकेकडे पाहिले की फरक कळतो. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक आहे. त्यासाठी महाविद्यालयातली मुले पावसाळाभर तालमी करतात, परीक्षकांचे शेरे पाठ होतात, आणि कित्येक लेखक, दिग्दर्शक, नट त्या स्पर्धेतून आले. राज्य नाट्यस्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यातल्या हौशी मंडळींना उभे केले. नभोनाट्यलेखनाला असा दरारा असलेली, दरवर्षी न चुकता होणारी, सगळ्यांचे लक्ष लागलेली स्पर्धा लाभली नाही. लेखकांची उणीव नव्हती. तालमीचा खर्च नाही, नेपथ्य नाही, बस भाड्याने घेऊन संघ न्यायचा नाही. गडचिरोलीतला शिक्षक आणि मेलबर्नमधली मराठी नोकरदार बाई एकाच स्पर्धेत उतरू शकतात, इतका हा प्रकार सोपा आणि खुला आहे. पणजी केंद्रामुळे गोव्यातले कोकणी आणि मराठी लेखकही त्यात आले असते.

आज तर ऐकण्याची सवय पुन्हा वाढली आहे. स्टोरीटेलसारख्या मंचांवर मराठी पुस्तके ऐकली जातात आणि खास ऐकण्यासाठी लिहून घेतलेल्या मालिकाही येतात. पॉडकास्ट करणारी तरुण मुले घरच्या खोलीत बऱ्यापैकी ध्वनिमुद्रण करतात. लेखन मात्र बरेचदा पडद्याच्या मालिकेसारखे किंवा छापील कथेसारखे होते. ‘बघ, तो तुझ्या मागे उभा आहे’ अशी दृश्य सांगणारी वाक्ये पात्रांच्या तोंडी येतात, कारण आवाजाने प्रसंग कसा उलगडायचा याचा सराव नाही आणि वाचायला नमुने नाहीत. हा सराव स्पर्धेने होतो.

ज्या कोणा संस्थेला, प्रकाशनाला किंवा प्रसारणकेंद्राला हे मनावर घ्यायचे असेल, तिने रक्कम मोठी ठेवण्याच्या फंदात पडू नये. अर्ध्या तासाची स्वतंत्र मराठी संहिता मागवावी, पाकिटावर नाव नसावे. परीक्षकांत एक नाटककार, एक ध्वनिमुद्रक आणि निदान दोन अंध श्रोते असावेत. निवडलेली तीन नाटके व्यावसायिक कलाकारांकडून करून घ्यावीत, ठरलेल्या दिवशी प्रसारित करावीत आणि नंतर कोणालाही, कधीही ऐकता येतील अशी ठेवावीत. तिन्ही संहिता त्याच वर्षी, दिवाळीच्या आत, छापून पुस्तक काढावे. आणि संहितेचे हक्क लेखकाकडेच राहावेत. पुनःप्रसारण झाले, दुसऱ्या भाषेत गेले, एखाद्या ध्वनिमंचाने घेतले, तर प्रत्येक वेळी मानधन त्याच्या खात्यात जमा व्हावे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव कलाकारांच्या आधी घेतले जावे.